बोटांना कळणारं जपान

जपानमध्ये शाम्पूच्या बाटलीला कडेने बारीक खाचा असतात. शेजारची कंडिशनरची बाटली त्याच आकाराची, त्याच रंगाची. तिची कड मात्र गुळगुळीत. दुकानात मांडलेल्या बाटल्या नुसत्या बघत पुढे गेलं तर या खाचा लक्षातही येत नाहीत. केस धुताना तोंडावरून फेस ओघळत असतो, डोळे घट्ट मिटलेले असतात, तेव्हा हात पुढे करून चाचपलं की हा शाम्पू आहे हे बोटांना कळावं, एवढ्यासाठी त्या आहेत.

काओ या कंपनीने १९९१ साली अशा खाचांच्या बाटल्या पहिल्यांदा बाजारात आणल्या. दोन्ही बाटल्या हाताला सारख्याच लागतात, असं दृष्टिहीन ग्राहकांचं म्हणणं होतं. कंपनीने चौकशी केली तेव्हा डोळस माणसांचीही तीच गत असल्याचं दिसलं. केस धुताना डोळे उघडे कोण ठेवतं? मग कंपनीने आणखी एक गोष्ट केली, जी मला त्या खाचांइतकीच मोलाची वाटते. ही खूण तिने आपल्यापुरती राखली नाही, इतर कंपन्यांनाही तीच वापरा म्हणून सांगितलं. प्रत्येकाने आपापली वेगळी खूण काढली असती, तर माणसाने कुठली कुठली लक्षात ठेवायची? आज इथे कुठल्याही दुकानात जवळपास कुठलाही शाम्पू हातात घेतला की बोट खाचांवरच पडतं. पुढे अंगाला लावायच्या द्रवसाबणाच्या बाटलीवर हाताला लागणारी, उठावाची एक सरळ रेघ आली.

जपानमध्ये राहते म्हटलं की लोक रोबोटबद्दल विचारतात, बुलेट ट्रेनबद्दल विचारतात, बटणांच्या संडासाबद्दल तर विचारतातच. त्या सगळ्याचं कौतुक मलाही आहे. पण इथलं रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान मला ज्या कारणासाठी मनापासून आवडतं, ते या खाचांमध्ये आहे. चाचपडणाऱ्या हाताकडे कुणीतरी नीट पाहिलेलं असतं. आणि हे मला दिसलं ते आईमुळे.

आई मिरजेची. सतारी बनवणाऱ्यांच्या गावात वाढली, शाळेत संगीत शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, त्यामुळे कान पक्का तयार. काही वर्षांपूर्वी तिला काचबिंदू असल्याचं निघालं, तेही उशिरा. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. आता तिला समोरचं दिसतं, पण नळीतून पाहावं तसं. वाचता येतं, माणूस ओळखता येतो. पायाखालची पायरी दिसत नाही, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी, डोळ्यांतला दाब वाढू नये, म्हणून ती रोज औषधाचे थेंब घालते.

ती आमच्याकडे निशी-कासाईला राहायला यायची म्हटल्यावर मला धास्ती होती. टोकियोची गर्दी, स्टेशनांचे जिने, सगळीकडे न कळणारी लिपी. मी तिला घराबाहेर कशी नेणार, याचाच विचार करत होते. ती आली आणि पहिले काही दिवस तिने घरच हाताने पाहून घेतलं. मी ऑफिसला गेले की ती एकेक वस्तू उचलून चाचपायची आणि संध्याकाळी मला काय सापडलं ते सांगायची.

दुधाच्या खोक्याच्या माथ्यावरची अर्धगोल खाच तिनेच शोधली. "ही मुद्दाम केलीय का गं?" तिने विचारलं. मुद्दामच केलेली असते. ती फक्त निव्वळ दुधाच्या खोक्याला असते, फळांच्या रसाच्या किंवा इतर पेयांच्या खोक्याला नसते. शिवाय ती असते खोकं उघडायच्या बाजूच्या बरोबर समोर. म्हणजे आत काय आहे आणि कुठून फोडायचं, ही दोन्ही उत्तरं एकाच खाचेत. कपडे धुण्याच्या यंत्रावर सुरू करायच्या बटणावर एक उंच ठिपका आणि बंद करायच्या बटणावर एक छोटी उंच रेघ. ठिपका म्हणजे चालू, रेघ म्हणजे बंद, हे जपानमध्ये प्रमाण ठरवून दिलेलं आहे, त्यामुळे एका यंत्रावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं. न्हाणीघरातलं पाणी तापलं की भिंतीवरची पट्टी पियानोची एक धून वाजवते आणि बाईच्या आवाजात पाणी तयार असल्याचं सांगते. आईला ती धून इतकी आवडली की तिने तिचं नोटेशन लिहून घेतलं.

भाताचा कुकर आमच्याकडे साध्यातला, एका खटक्याचा आहे. खटका खाली दाबायचा. भात झाला की तो 'कट्' करून आपोआप वर येतो. तोशिबाने पहिला स्वयंचलित विजेचा कुकर १९५५ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणला. तो घडवला मिनामी योशितादा नावाच्या एका छोट्या कारखानदाराने आणि त्याच्या पत्नीने, फुमिकोने. भात कुठल्या तापमानाला किती वेळात नीट शिजतो, बाहेर कडाक्याची थंडी असली तर काय होतं, हे त्या बाईने घरात पुन्हा पुन्हा भात शिजवून तपासलं. त्या कुकरला दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात मोजकं पाणी घालायचं. ते आटलं की तापमान शंभर अंशांच्या वर जायचं आणि दोन धातूंची जोडपट्टी वाकून वीज तोडायची. हल्लीच्या कुकरांत बरंच काही बदललंय, पण खटक्याचा तो आवाज टिकून आहे. आईला वेळ बघावी लागत नाही, झाकण उघडून डोकवावं लागत नाही. ती दुसऱ्या खोलीत बसूनच म्हणते, "भात झाला."

नाण्यांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. एका रविवारी मी पाकिटातली सगळी चिल्लर टेबलावर ओतली आणि तिला म्हटलं, "आई, बघ ओळखता येतात का." तिने डोळे मिटले. एक येनचं नाणं अ‍ॅल्युमिनियमचं, इतकं हलकं की ते तिने नुसतं उचलूनच बाजूला ठेवलं. पाच आणि पन्नास येन, दोन्हींना मध्ये भोक. ती थांबली, दोन्हींच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एकाची कड गुळगुळीत, दुसऱ्याची दातेरी आहे हे तिला लागलं. दातेरी ते पन्नास. दहा येनची कड गुळगुळीत, शंभरची दातेरी. पाचशेचं सगळ्यांत मोठं आणि त्याच्या कडेचे दाते तिरपे. थोड्याच वेळात तिने सगळा ढीग लावून टाकला आणि मग पाकीट माझ्याकडे परत दिलंच नाही. पुढचे सगळे दिवस दुकानात पैसे तिनेच दिले.

२०२४ च्या जुलैत इथे नव्या नोटा आल्या. त्यांवरही हाताला लागणाऱ्या तिरप्या उंच रेघा आहेत, आणि कुठल्या किमतीच्या नोटेवर त्या कुठे आहेत, यावरून नोट ओळखायची. आईने लगेच पर्समधून आपली पाचशेची नोट काढली. आपल्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडेलाही अशा उंच रेघा आहेत. शंभरच्या नोटेला चार, पाचशेला पाच. २०१९ साली आपल्याकडे दृष्टिहीनांना ओळखता येतील अशी नवी नाणीही निघाली, वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं त्यातलंच. म्हणजे विचार आपल्याकडेही झाला आहे. फक्त आपली नोट इतक्या हातांतून फिरते, चुरगळते, घामाने भिजते, की रेघा लवकर झिजून जातात. आईच्या हातात मिरजेच्या बाजारातून आलेली जी नोट होती, तिच्यावर बोटाला काहीच लागत नव्हतं.

घर हाताखाली आल्यावर आम्ही बाहेर पडलो.

स्टेशनात शिरताना फाटकावर कार्ड टेकवायचं. माझं सुइका. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियो परिसरात ते सुरू झालं आणि आज रेल्वेपासून बसपर्यंत आणि दुकानातल्या पावापर्यंत सगळीकडे चालतं. त्या फाटकावर कार्ड टेकवायची जी जागा आहे, ती किंचित आपल्याकडे कललेली असते. हा कल १३.५ अंशांचा आहे आणि तो यामानाका शुन्जी या डिझायनरने ठरवला. कार्डांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत माणसं कार्ड कुठे धरायचं तेच न समजून गोंधळत होती. कुणी उभं धरायचं, कुणी हवेत हलवून पुढे जायचं, आणि फाटक उघडायचं नाही. यामानाकाने माणसांना शिकवायला पाट्या लावल्या नाहीत. वेगवेगळ्या आकारांची, वेगवेगळ्या कलांची फाटकं मांडली, त्यातून सामान्य माणसांना जायला लावलं आणि हात कुठे आपसूक जातो ते टिपलं. कल थोडा बदलला आणि वर दिवा लावला, तेवढ्याने बहुतेकांचा हात बरोबर जागी यायला लागला. सुइकाच्या कडेलाही एक छोटी खाच आहे. आई कार्ड पर्समधून काढतानाच खाच कुठल्या बाजूला आली ते बोटाने बघून घ्यायची.

स्टेशनातले आवाज मी अनेक वर्षं ऐकत होते, पण ते कशासाठी आहेत हे आईने मला शिकवलं म्हटलं तरी चालेल. फाटकाजवळ अधूनमधून 'पिंग पाँग' वाजत असतं. "ग, सा," आई म्हणाली. "इथे दार आहे म्हणून सांगताहेत." फलाटावरच्या जिन्याच्या तोंडाशी पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो, तिथे पक्षी नसतात, स्पीकर असतो. जिना कुठे आहे ते कानाला कळावं म्हणून तो लावलेला असतो. रस्ता ओलांडायचा दिवा हिरवा झाला की एका दिशेला कक्कू पक्ष्याचा आवाज येतो आणि तिला छेदणाऱ्या दिशेला पिल्लाची चिवचिव, म्हणजे कुठला रस्ता मोकळा आहे ते ऐकून कळतं. आई पहिल्यांदा तो कक्कू ऐकून मध्येच थांबली. "आपला कोकीळ चढत चढत वर जातो," ती म्हणाली, "हा उतरतो." रात्री मात्र आजूबाजूच्यांची झोप मोडू नये म्हणून बऱ्याच चौकांत हे आवाज बंद ठेवतात. मला ते पटत नाही. ज्याला दिवसा दिसत नाही त्याला रात्री जास्त दिसतं असं थोडंच आहे?

या सगळ्यात आईचा खरा आधार मात्र तिच्या पायाखाली होता. पिवळ्या, उंच खुणांच्या फरशा. सरळ रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे, वळण, जिना, रस्ता किंवा फलाटाची कड. या खुणा पाच मिलिमीटर उंच असतात. पातळ तळव्याचा बूट असेल तर त्या स्पष्ट लागतात. आईला पायाखालचं दिसत नसल्यामुळे ती आधी पाय ओढत, अडखळत चालायची. पिवळ्या पट्ट्यावर आली की तिची चाल बदलायची. खांदे सैल व्हायचे, मान वर यायची, ती इकडेतिकडे बघायला लागायची. पायाने रस्ता सांभाळल्यावर उरलेल्या नजरेने तिला गाव बघता येत होतं. तिचा हात माझ्या हातातून सुटायचा आणि ती चार पावलं पुढे असायची.

या फरशा ओकायामा शहरात जन्मल्या हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिथे जाऊया." क्योतो, नारा, हिरोशिमा असं मी काय काय ठरवून ठेवलं होतं. तिला ओकायामा हवं होतं.

टोकियोहून ओकायामा शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वातीन तासांच्या आसपास. प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. फुजी ढगात होता. स्टेशनाबाहेर टॅक्सी केली. टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आपल्या जागेवरून खटक्याने उघडतो. दाराची मूठ शोधायला आईचा हात पुढे गेला आणि दार स्वतःहूनच तिच्याकडे आलं. ड्रायव्हरला हारागोजिमा, हाराओजिमा करत चौकाचं नाव नीट सांगेपर्यंत थोडा वेळ गेला. हाराओजिमाचा चौक. पर्यटक तिथे जात नाहीत, त्यामुळे त्याने दोनदा खात्री करून घेतली.

मियाके सेइइची ओकायामात एक खाणावळवजा मुक्कामघर चालवायचे. पांढरी काठी घेतलेला एक माणूस रस्ता ओलांडत असताना गाडी त्याच्या अगदी जवळून निघून गेली, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे एक स्नेही इवाहाशी हिदेयुकी यांची नजर गेलेली होती. शेवाळ आणि माती यांची सीमा बुटातूनही पायाला कळते, असं इवाहाशींच्या बोलण्यात आलं. तिथून मियाकेंच्या डोक्यात फरशीची कल्पना आली. १९६५ साली त्यांनी ती तयार केली, स्वतःचे पैसे घालून. १८ मार्च १९६७ ला, ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या या चौकात, अशा २३० फरशा पहिल्यांदा बसवल्या गेल्या.

नंतरची वर्षं सोपी नव्हती. फरशा कुणी विकत घेत नव्हतं. मियाके वेगवेगळ्या शहरांना त्या भेट म्हणून पाठवत राहिले. १९७० साली ओसाकातल्या एका रेल्वे स्थानकाने त्या फलाटावर बसवल्या. आणि १९७३ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकात एक दृष्टिहीन माणूस फलाटावरून रुळांवर पडून मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी रेल्वेवर खटला भरला. फलाटावर अशा फरशा असत्या तर तो वाचला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. तो खटला अनेक वर्षं चालला. पण तेवढ्या काळात फरशा देशभर पसरत गेल्या. म्हणजे त्या नुसत्या कुणाच्या कल्पकतेने आलेल्या नाहीत. एका आईवडिलांनी मुलगा गमावून त्या मागून घेतलेल्या आहेत. मी रोज त्या तुडवत ऑफिसला जाते, आणि हे वाचल्यापासून फलाटाच्या कडेच्या पिवळ्या रेघेवर बॅग ठेवणारं कुणी दिसलं की मी त्याला सांगते.

चौक मोठा आहे, रहदारीचा. एका कोपऱ्यावर, या फरशांचं हे जन्मस्थान असल्याचं सांगणारं छोटंसं स्मारक आहे. आईला मी त्याच्यावरचा मजकूर वाचून दाखवला. तिने तो ऐकला, मग पायातले बूट काढले आणि मोज्यांनी पिवळ्या फरशीवर उभी राहिली. ठिपक्यांवरून रेघांवर, रेघांवरून पुन्हा ठिपक्यांवर. शाळकरी मुलं सायकलवरून जाताना बघत होती. तिला त्याचं काही नव्हतं. "एका माणसाला मित्रासाठी सुचलं," ती म्हणाली, "आणि मी मिरजेहून येऊन त्याच्यावर चालतेय."

फलाटांवरच्या फरशांत पुढे आणखी एक सुधारणा झाली. ठिपक्यांच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक उंच रेघ जोडली गेली. नुसते ठिपके पायाला लागले तर कड जवळ आहे एवढं कळतं, पण रूळ कुठल्या बाजूला आणि सुरक्षित बाजू कुठली ते कळत नाही. ती रेघ ज्या बाजूला, तिकडे सरकायचं. इतकं असूनही अपघात संपले नाहीत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या आओयामा-इच्चोमे स्थानकात, सोबत मार्गदर्शक कुत्रा असलेला एक दृष्टिहीन माणूस फलाटावरून पडून मरण पावला. त्यानंतर फलाटांना दारं बसवायच्या कामाला वेग आला. आता पुष्कळ फलाटांना ती दारं आहेत. जिथे ती असतात तिथे मी आईचा हात निर्धास्तपणे सोडायचे.

मियाकेंची फरशी आज आपल्याकडेही पोचली आहे. पुणे आणि मुंबई मेट्रोच्या स्थानकांत आहे, पुष्कळ रेल्वे फलाटांवर आहे, नव्या पदपथांवर तर हमखास असते. मेट्रोत ती छान बसवलेली आहे. पदपथांवर मात्र तिचे हाल बघवत नाहीत. पिवळा पट्टा सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडतो. कुठे त्याच्यावर टपरी असते, कुठे मोटारसायकली, कुठे चेंबरचं झाकण बदलताना फरशा उलटसुलट लावलेल्या असतात. थांबायचे ठिपके मधेच, चालायच्या रेघा जिन्याच्या तोंडाशी. ज्याने ती बसवली त्याला ती काय सांगते हे कुणी सांगितलेलंच नसतं. फरशीवर चालणारा माणूस तिच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो. खांबाला नेऊन भिडवणारी फरशी नसलेली परवडली, निदान माणूस हाताने चाचपत तरी जाईल. फरशा बसवून झाल्यावर एकदा कुणा दृष्टिहीन माणसाला त्यांवरून चालवून बघावं, एवढी एक अट कंत्राटात घातली तरी पुरे.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती काचेची. गेल्या काही वर्षांत इथे सगळीकडे सपाट पडदे आले. हॉटेलात टेबलावर टॅबलेट असतो, त्यावर चित्रं सरकवून जेवण मागवायचं. रामेन नूडल्सच्या दुकानात दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. पूर्वी त्याला टचटचीत उंच बटणं होती, आता पुष्कळ ठिकाणी एक मोठी काच असते. कोपऱ्यावरच्या दुकानात पैसेसुद्धा आपणच काचेवर बोट टेकवत भरायचे. नवे भाताचे कुकरही तसेच. काचेवर बोट फिरवलं की बोटाला सगळीकडे काचच लागते. जी आई चिल्लर नखाने ओळखायची, ती टॅबलेटपुढे गप्प बसायची. "तूच माग," म्हणायची. ज्या देशाने साठ वर्षं खपून बोटांना इतकं बोलतं केलं, त्याच देशात स्वस्त आणि चकचकीत म्हणून ही काच येते आहे, याचं मला वाईट वाटतं. बदल करायला जड नाही. आवाज देता येतो, दोन-चार खरी बटणं ठेवता येतात. इथल्या सार्वजनिक संडासांत पाणी सोडायचं बटण, मदतीची हाक द्यायचं बटण आणि कागद यांच्या जागा एकमेकांच्या संदर्भात कशा असाव्यात, याचं प्रमाण ठरलेलं आहे. पाण्याचं बटण गोल, मदतीचं वेगळ्या आकाराचं, म्हणजे हात फिरवून ओळखता येतं. ज्यांनी तिथपर्यंत विचार केला त्यांना जेवणाच्या टेबलावर तो करता येणार नाही असं कसं म्हणायचं?

डोळ्यांच्या थेंबांचंही तसंच. आईला दोन औषधं आहेत, एक दिवसातून दोनदा, एक फक्त रात्री. दोन्ही बाटल्या बोटभर, एकाच मापाच्या. फरक फक्त झाकणाच्या रंगात, आणि संध्याकाळच्या उजेडात तिला तो रंग धड दिसत नाही. काचबिंदूचं औषध ज्यांना द्यायचं त्यांची नजर अधू असणार हे औषध बनवणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी रात्रीच्या बाटलीला रबरबँड लावून दिला आहे. कामचलाऊ आहे, पण भागतंय.

आई परत जायच्या आधीच्या संध्याकाळी आम्ही निशी-कासाईच्या एका किराणा दुकानात गेलो. मी मोबाइलवरून क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरले. इथल्या त्या अ‍ॅपमधून पैसे गेले की अ‍ॅप गोड आवाजात स्वतःचं नाव घेतं. "किती गेले?" आईने विचारलं. मी पडदा पुढे केला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत दिला. "आपल्याकडे सांगतात," ती म्हणाली.

क्यूआर कोड हाही इथलाच. आइची प्रांतातल्या देन्सो कंपनीत हारा मासाहिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ साली तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कामगारांना दिवसभरात ढीगभर बारकोड एकेक करून सरळ धरून वाचावे लागत होते, त्या हातांचा त्रास वाचावा म्हणून. त्याच्या तीन कोपऱ्यांतले चौकोन, त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचं १:१:३:१:१ हे प्रमाण, हे सगळं अशासाठी की कोड तिरका धरा, उलटा धरा, यंत्राला तो सापडावा. थोडा फाटला, मळला तरी वाचता यावा. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो आज आपल्या नारळवाल्याच्या गाडीवर लटकतो आहे.

पण त्याच्या शेजारची ती बोलणारी पेटी आपल्याकडची आहे. हात चिखलाने, कोथिंबिरीने भरलेले असताना मोबाइल काढून पैसे आले की नाही ते बघणं भाजीवालीला जमत नाही, म्हणून पेटी मोठ्याने रक्कम सांगते, मराठीत सांगते. ती भाजीवालीसाठी केली, पण आईलाही तिचा तितकाच उपयोग होतो. किती गेले हे तिला कुणाला विचारावं लागत नाही. जपानमध्ये मी हे अजून कुठे ऐकलेलं नाही, आणि इथल्या माझ्या सहकाऱ्यांना मी त्या पेटीबद्दल आवर्जून सांगते.

परवा आईशी फोनवर बोलत होते तेव्हा ती मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात होती. मेथीची जुडी कशी दिली, यावर घासाघीस चालली होती, मी इकडे ताटकळत होते. मग पेटीचा आवाज आला, चाळीस रुपये प्राप्त झाले, आणि त्याच्यावरून भाजीवालीचा, "आले हो काकू, आले. आणि ही कोथिंबीर घ्या."